मयताच्या दिवशीचा भोंगा

हिवरवाडीत सकाळचे सात वाजले की मारुतीच्या देवळावरचा भोंगा आधी खरखरतो, मग खाकरतो, आणि मग मनकर्णाबाई बोलायला लागते. खाकरणंही तिचंच. जालना रोडनं चिकलठाणा मागं टाकलं की आत सात किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या विमानतळावर उतरणारं विमान घराच्या पत्र्यावरून जातंय की काय असं वाटतं, पण गावात काय झालं आणि काय होणार हे कळतं ते मनकर्णाबाईच्याच तोंडून. नवरा ग्रामपंचायतीचा शिपाई होता. तो गेल्यावर जागा हिला मिळाली. पाण्याचा वॉल खोलायचा, टाकीत पावडर टाकायची, हपिस झाडायचं आणि सातला पुकारायचं, एवढी नोकरी. त्या नोकरीला आता चौदावं वर्ष लागलंय.

पुकारण्यात सगळं येतं. वरल्या आळीला पाणी आधी, खालच्या आळीनं बोंबलू नये. अंगणवाडीत उद्या लेकरांचा डोस. विजा कडाडत असताना लिंबाखाली उभं राहायचं नाही, शेळ्या भिजल्या तर भिजू द्या. हिरीच्या कठड्यावर लेकरू बसवून फोटो काढू नका. एकदा म्हणाली, कुणाची तरी तांबडी शेळी दावं तोडून माझ्या परसात आलीय, धन्यानं न्यावी, तवर दूध मी काढणार. धनी तिसऱ्या दिवशी आला. सरपंचानं मोबाईलवर ग्रुप काढलाय, पण तिथं सकाळी नुसती फुलं येतात आणि रात्री भांडणं. वावरात खुरपायला जाणाऱ्या बाईला ग्रुपचं काय घेणं? तिला भोंगाच.

पावसाळ्यात सगळ्यात मोठी खबर फवारणीची. आता बांध खुरपायला माणूस मिळत नाही, जो तो तणनाशक मारून मोकळा होतो. आणि त्याच बांधावर बायका भाजी खुडतात, तरोटा, कुर्डू, तांदुळजा. पोरं शेळ्या सोडतात. म्हणून ज्यानं फवारलं त्यानं रातच्याला मनकर्णाबाईला सांगायचं आणि तिनं सकाळी बांधाचं नाव घेऊन पुकारायचं, हा आमच्या गावचा कायदा. कागदावर कुठं नाही, पण मोडत कुणी नाही.

दुसराही एक कायदा आहे. गावात मयत असलं की ते उचलेपर्यंत भोंगा बंद. देवळातली घंटासुद्धा बांधून ठेवतात. मौतीची खबर माणसांनी तोंडी न्यायची, भोंग्यानं नाही.

हे दोन कायदे एकाच दिवशी समोरासमोर आले ते मागल्या वर्षीच्या आषाढात.

शुक्रवारी संध्याकाळी राजकुमार मनकर्णाबाईच्या दारात आला. चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला असतो, शुक्रवारची सुट्टी असते, त्या दिवशी शेती बघतो. पाठीवर पंप तसाच. म्हणाला, मावशी, वढ्याकाठचा सगळा बांध मारलाय, उद्या तेवढं पुकारा. ती म्हणाली, पुकारते, जा, आधी हात धू. पुकारायच्या गोष्टी ती लिहून ठेवत नाही, डोक्यात ठेवते. चार गोष्टी असल्या की चार बोटं मोजायची. त्या रात्री एकच गोष्ट होती, एकच बोट.

शनिवारी उजाडता उजाडता तात्यासाहेबांच्या वाड्याकडनं रडणं ऐकू आलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, झोपेतच गेला. मनकर्णाबाई चहाचं आधण खाली उतरवून तशीच गेली. सात वाजले तेव्हा ती तिथंच होती, कुणाच्या तरी पाठीवरून हात फिरवत. भोंग्याची आठवण तिला झाली. नाही झाली असं ती कधीच म्हणाली नाही. मनात म्हणाली, दहापर्यंत मयत उचलतील, मग पुकारू. दहाच्या आत भाजीला कोण जातंय?

पण तात्यासाहेबांची लेक पुण्याची. तिची गाडी नगरच्याही पलीकडं अडकलेली. लक्ष्मणनं, म्हणजे तात्यासाहेबांच्या लेकानं, सांगितलं की बहीण आल्याशिवाय उचलायचं नाही. तीन तरी वाजणार. मग पाणी आण, गोवऱ्या मोज, आलेल्या बायांना बसायला सतरंजी दे, असं करता करता मनकर्णाबाईचं ते एक बोट कुठल्या कुठं गेलं.

बाराच्या सुमाराला ती घागर मागायला शेजारी द्वारकाबाईच्या घरी गेली. मयताच्या घरची चूल पेटत नाही. मयत गेल्यावर घरच्यांना कडू भाकर घालायची ती शेजाऱ्यांनी, आणि त्याचा जिम्मा द्वारकाबाईनं घेतला होता. ओसरीवर तिनं भाकरींची चवड लावलेली. चुलीवर मोठं पातेलं, त्यात नुकतीच फोडणीला टाकलेली भाजी. आणि भिंतीला लागून तरोट्याच्या देठांचा ढीग, गुडघ्याएवढा.

ओसरीवरची घागर उचलता उचलता मनकर्णाबाईनं तिथंच टेकवली.

"आक्का, एवढा तरोटा कुठला?"

द्वारकाबाई भाकर थापता थापता म्हणाली, कुठला म्हणजे, रानातला. बायांनी सकाळी ज्याला जसा गावला तसा आणून टाकला, चाळीस माणसाला भाकरीसंगं कोरड्यास पुरायला नको का? कुणी माळाचा, कुणी वढ्याचा. पाट्या ठेवल्या आणि गेल्या रडायला.

"वढ्याचा कुणी?"

"मी काय तोंड बघत बसले का पाट्यांचं? काय झालं तुला? पांढरीफटक पडलीस."

मनकर्णाबाईनं सांगितलं. द्वारकाबाईनं तव्यावरची भाकर तशीच सोडली, पदरानं धरून पातेलं खाली उतरवलं आणि त्यावर परात पालथी घातली, आतलं काही बाहेर येईल अशी. द्वारकाबाई म्हणाली, देवाची कृपा, अजून कुणाच्या तोंडात गेली नाही.

तेवढ्यात आतून तिची सून दीपमाला बाहेर आली. हातात पाच ताटल्या, राखेनं घासलेल्या. तिनं शेवटचं तेवढंच ऐकलं होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, पोरांना मी दहालाच घातलं की."

मोठी माणसं मयत उचलेपर्यंत खात नाहीत, पण लेकरांना कोण उपाशी ठेवणार? मयताच्या घरातली चार आणि दीपमालाचं एक, अशी पाच लेकरं आतल्या खोलीत बसवून तिनं भाकर आणि तरोट्याची भाजी वाढली होती. कुठल्या पाटीतली? सगळ्यात आधी आलेली पाटी होती, दोन घरांच्या मधल्या भिंतीवर ठेवलेली, फडकं झाकलेली. निवडायलाच नको इतकी कवळी. लेकरांना कवळी घालावी म्हणून तीच घेतली.

पाटी कुणाची? माहीत नाही.

लेकरं गोठ्यात खेळत होती. चारच होती. पाचवा, तात्यासाहेबांचा नातू शिवम, आठ वर्षांचा, कडब्याच्या पेंढ्यांवर आडवा पडला होता. दीपमालानं विचारलं तर म्हणाला, मळमळतंय.

मनकर्णाबाई सांगते, त्या वेळी डोळ्यांपुढं दुसरं काही नाही, राजकुमारच्या पाठीवरचा पंप तेवढा. चार वर्षांखाली पलीकडच्या गावात एकानं तणनाशक पिलं होतं. पहिल्या दिवशी हसत बोलत होता, दवाखान्यातून घरी जाऊ द्या म्हणत होता. नवव्या दिवशी गेला. ते सगळ्या गावाला माहीत होतं.

तिनं दीपमालाला म्हटलं, पाचही लेकरं उचल, राजकुमार कामाला न जाता तिरडी बांधायला बसलाय, त्याला सांग, लक्ष्मणची पिकअप काढ, मोठ्या दवाखान्यात न्या. विचारत बसू नका. आणि स्वतः देवळाकडं निघाली. लेकरांचं झालं, पण बाकीच्या गावाचं काय? त्याच बांधावरून अजून कुणी खुडून घरी नेली असली तर? बारा वाजलेले, घराघरात ताटं वाढायची वेळ, अर्ध्या बाया वावरात फडक्यात भाकर बांधून गेलेल्या. दारोदार फिरायला तीन तास लागले असते.

देवळाच्या पायरीवर सात-आठ जुनी माणसं बसलेली. मयतासाठी थांबलेली. मनकर्णाबाईनं कमरेची किल्ली काढलेली बघून एकजण उठला. म्हणाला, "बाई, मयत पडलंय गावात. कळतंय का काय करतीस?" दुसरा म्हणाला, तेरा वर्षं पगार खाऊन येवढं ठाऊक नाही. कुलूप काढताना किल्ली हातातून पडली. उठलेल्या म्हाताऱ्यानंच ती उचलून दिली. तिचं तोंड बघून दिली असेल.

भोंगा खरखरला आणि मयताच्या घरातलं रडणं एकदम थांबलं. ती खाकरली नाही.

"मी मनकर्णा बोलतेय. वढ्याकाठच्या बांधावर काल औषध मारलंय. तिथला तरोटा कुणी आणला असंल तर खाऊ नका. शिजवला असंल तर वता, कोंबडीलाही घालू नका. वावरात भाकर नेली असंल तर भाजी टाकून द्या. ज्यांनी खाल्ली त्यांनी आत्ताच्या आत्ता देवळापाशी यावं. राजकुमारनं मला काल सांगितलं व्हतं. मी पुकारलं नाय. माझी चूक हाय. वढ्याकाठची भाजी कुणी खुडली ते सांगा. कुणी कुणाला बोलणार नाय."

तिनं हे चारदा सांगितलं. मग भोंगा चालूच ठेवून दारात येऊन उभी राहिली. कुणी येईना. गल्लीत माणसं दाराबाहेर आली, पण पुढं कुणी येईना. नाव सांगणं म्हणजे ज्यानं खाल्ली त्याचं पाप पदरात घेणं, असं ज्याला त्याला वाटत असणार.

मग तात्यासाहेबांच्या दारातून शैला आली. लक्ष्मणची बायको, शिवमची आई. सासऱ्याच्या मयतापासनं उठून, केस मोकळे, अनवाणी. मयत घरात असताना घरची सून उंबरा ओलांडत नाही. तिच्या मागं दोन बाया तिला धरायला धावत होत्या.

"मावशी, वढ्याची मीच आणली," ती म्हणाली. "मामांनी रात्री तरोटा मागितला व्हता. पाचलाच जाऊन खुडला. घरी आले तर हे झालेलं. पाटी मधल्या भिंतीवर ठिवली ती ठिवलीच."

"फडकं झाकलेली?"

"व्हय. माझंच फडकं."

मनकर्णाबाईनं तिला लेकरांचं सांगितलं. कसं सांगितलं ते तिला आठवत नाही. शैला ओरडली नाही. ती पिकअप उभी होती तिकडं चालायला लागली, मग पळायला लागली. लक्ष्मण दारात आला होता. बाप घरात, लेक गाडीत. तो एकदा इकडं बघत होता, एकदा तिकडं. शेवटी शैलाच गाडीत चढली, राजकुमारनं गाडी काढली आणि लक्ष्मण भिंतीला पाठ लावून खाली बसला.

आणखी दोन बाया देवळापाशी आल्या, पण त्यांनी भाजी माळावरची आणली होती. वढ्याला दुसरं कुणी गेलं नव्हतं. तेवढं तरी झालं.

पाऊण तासानं दीपमालाच्या फोनवर राजकुमार बोलला. ती लेकराला गाडीत घालून मागं थांबली होती, द्वारकाबाईनं थांबवलं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून. लेकरं दवाखान्यात दाखल झाली होती. डॉक्टर विचारत होते, औषध कुठलं? नाव सांगा, बाटली आणा. आणि राजकुमारला नावच माहीत नव्हतं. त्यानं ते दुकानातून आणलंच नव्हतं. मेहुण्यानं त्याच्या कॅनमधलं अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीत ओतून दिलं होतं, आणि ती बाटली त्यानं वढ्यात फेकलेली, पाण्यासंगं वाहून गेलेली. मेहुणा पहिल्या शिफ्टला. कंपनीत फोन गेटवर जमा करून आत जायचं असतं. साडेतीनच्या आत त्याचा पत्ता नाही. राजकुमार फोनवर रडत होता. म्हणत होता, डॉक्टर म्हणतात एक औषध असं आहे की त्याला उताराच नाही.

मनकर्णाबाईनं हे ऐकलं आणि उठली. तणनाशकं दोन जातीची असतात हे शेतात राबलेल्या कुणालाही ठाऊक असतं. एक जाळणारं. संध्याकाळी मारलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानं पोळल्यासारखी करपतात. दुसरं मुळापर्यंत जाणारं. त्यानं आठवडाभर काही दिसत नाही, मग हळूहळू पिवळं पडतं. माणूस दगावतो तो पहिल्यानं. बाटली गेली तर गेली, बांध तर आहे.

"चल," ती दीपमालाला म्हणाली. "फोन घे."

वढ्याचा बांध गावापासून वीस मिनिटं. आभाळ भरलेलं, ऊन असं नव्हतंच. दीपमाला मागनं विचारत होती, मावशी, ऊन नसलं तर करपायला उशीर लागतो का? मनकर्णाबाईला तेच वाटत होतं. बांध दिसायला लागला तशी तिची चाल मंदावली. पळत आलेली बाई पन्नास पावलांवर येऊन उभीच राहिली. ती सांगते, तिथं जाऊच नये असं वाटलं. जोवर बघितलं नाही तोवर काही झालेलं नाही. दीपमालानं तिचा हात धरला. तिचंही लेकरू दवाखान्यात होतं.

बांधाच्या तोंडालाच गवताचा तपकिरी पट्टा दिसला. जळाल्यासारखा. दीपमाला तिथंच थांबली. मनकर्णाबाई मात्र वाकली, हातानं ते गवत उचललं. मुळं वर होती. कुणीतरी मागल्या हप्त्यात खुरपून टाकलेलं, वाळलेलं. ती ते गवत हातात घेऊन पुढं गेली. वीस पावलं, तीस पावलं. तरोटा कमरेएवढा माजलेला. मधे एका जागी शेंडे खुडलेले दिसले, नखानं खुडल्यासारखे, ओळीनं. शैला इथंच बसली होती. त्याच्या आजूबाजूची पानं तिनं एकएक उलटी करून बघितली. कडेला करपलेलं, डाग पडलेलं, वाळलेलं, काही नाही. पानांवर वाळलेल्या थेंबांचे पांढुरके ठिपके होते, म्हणजे औषध बसलेलं होतं. आणि पान हिरवंगार. बांधाच्या दुसऱ्या टोकापर्यंत हिरवंगार.

दीपमालानं फोटो काढून राजकुमारला पाठवले. मग दोघी बांधावर बसून राहिल्या, फोन मधे ठेवून. बारा मिनिटं. दीपमाला घड्याळ बघत होती म्हणून मला माहीत.

फोन वाजला, राजकुमारचा. डॉक्टर म्हणाले, पानं अजून हिरवी आहेत म्हणजे बहुतेक ते दुसरंच आहे. बहुतेक. लेकरांचं पोट साफ केलंय, शिवमला दोन उलट्या झाल्यात, सोमवारपर्यंत कुणालाही सोडणार नाही, रक्त-लघवी बघत राहू.

"बहुतेक म्हणजे किती?" मनकर्णाबाईनं विचारलं.

साडेतीनला मेहुणा गेटबाहेर आला, त्यानं नाव सांगितलं, आणि ते दुसरंच निघालं. पण तवर मयत उचललं होतं. पुण्याची लेक आली, तिरडी निघाली, लक्ष्मणनं हातात मडकं धरलं, आणि चालताना त्याचं सगळं ध्यान खिशातल्या फोनकडं. द्वारकाबाईनं परसात खड्डा काढून ती सगळी भाजी पुरली. माळावरची होती तीही. चाळीस माणसांनी कडू भाकर मिठाशी खाल्ली. कुणी तक्रार केली नाही.

मसणवट्यातून माणसं परत आली तेव्हा मनकर्णाबाई गल्लीच्या तोंडाला पाण्याची बादली घेऊन उभी होती. पाय धुवायला पाणी द्यायचं असतं. लक्ष्मण आला. तिनं तांब्या पुढं केला. त्यानं पाय धुतले, चूळ भरली, लिंबाचं पान दातात धरलं आणि थुंकलं.

"सकाळीच पुकारायचं व्हतं, मावशी," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. मयतावर भोंगा वाजवला म्हणून गावात दोन-चार दिवस कुजबुज झाली, नाही असं नाही. लक्ष्मण त्यात बोलला नाही, या बाजूनं नाही आणि त्याही नाही. सोमवारी संध्याकाळी लेकरं घरी आली. शिवम तेवढा आणखी चार दिवस ठेवला होता. तो आला त्या दिवशी मनकर्णाबाई त्याच्या घरी गेली नाही. लांबून, टाकीवर चढून, तो अंगणात चालतोय का ते बघून आली. पुढं महिनाभर ती रोज टाकीवर चढत होती. पावडर टाकायला रोज चढावं लागत नाही, हे गावाला ठाऊक होतं.

मग भादव्यात द्वारकाबाईचा दीर वारला. पहाटे चारला. दोन दिवस पाऊस झालेला, हिरीत वढ्याचं पाणी शिरलेलं, नळाला चहासारखं पाणी येत होतं. सातला मनकर्णाबाई देवळात गेली. पायरीवर माणसं होतीच. या वेळी कुणी उठलं नाही, पण कुणी सरकलंही नाही. ती दोघांच्या मधून वाट काढून आत गेली. भोंग्यावर ती म्हणाली, गावात मयत आहे, त्यांची माफी मागून सांगते. पाणी गढूळ आलंय. उकळून प्या. लेकरांना आधी उकळा.

द्वारकाबाई घरात दिराच्या मयताशेजारी बसलेली होती. रडता रडता थांबली आणि दीपमालाला म्हणाली, जा, चूल पेटव, आधण ठेव.